आपल्याकडच्या गोगलगायी

अप्पांचं म्हणणं असं होतं की गोगलगाय हा जगातला सर्वांत समजूतदार प्राणी आहे. भांडत नाही, ओरडत नाही, दिलेलं पान मुकाट्याने खाते आणि पटलं नाही तर आत जाऊन बसते. "माणसांना एवढं जमलं असतं तर निम्मी दुखणी कमी झाली असती," असं ते म्हणत आणि म्हणताना नेमके थोरलीकडे बघत. थोरली ही त्यांची मोठी मुलगी. गोगलगायींवर संशोधन करायची, आणि पटलं नाही की आत जाऊन बसण्यात तिचाही हात धरणारं कोणी नव्हतं. वसाहतीतले लोक तिला बघून "गोगलगाय नि पोटात पाय" म्हणायचे. तीही हसायची, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिची प्रयोगशाळा म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतली बंद पडलेली शाळा. मुलं कमी झाली, शिक्षक बदली मागून गेले, आणि मग विद्यापीठाने तळमजल्यावरचा एक वर्ग भाड्याने घेतला. कारण तिथून काळा ढीग हाकेच्या अंतरावर होता. काळा ढीग म्हणजे धातू गाळून उरलेला कचरा, कारखान्याने कित्येक वर्षं तिथे ओतलेला. त्यात शिसं होतं, कॅडमियम होतं, आणि काय काय होतं ते कारखान्यालाही नीट माहीत नसावं. ढिगाच्या पायथ्याशी एक ओलसर दगडी भिंत होती, भिंतीवर शेवाळ होतं आणि शेवाळावर गोगलगायी होत्या. त्यांचे शंख पातळ, अंगं रोडकी, अंडी थोडी आणि तीही उशिरा. पण तिथून हलायचं नाव घेत नसत.

वर्गात अजून फळा होता. बाकं काढून तिथे लोखंडी मांडण्या आणल्या होत्या, आणि त्यांवर झाकणाला भोकं पाडलेले पारदर्शक डबे. खिडकीकडच्या डब्यांत ढिगावरच्या गोगलगायींची संतती, दाराकडच्या डब्यांत लांबच्या जंगलातून आणलेल्यांची. अप्पांनी पहिल्याच दिवशी त्यांची नावं ठेवली होती: खिडकीकडच्या त्या "आपल्याकडच्या" आणि दाराकडच्या त्या "बाहेरच्या". थोरलीने डब्यांवर लावलेले लाल-निळे कागद त्यानंतर फक्त शोभेला उरले.

शिसं पोटात गेलं की गोगलगायीचं काय होतं हे जगाला आधीच ठाऊक होतं. थोरलीला हवं होतं ते पुढचं. विषाने जनुकं बदलतातच असं नाही, पण त्यांच्यावर खुणा बसतात. कुठल्या जनुकाने काम करायचं आणि कुठल्याने गप्प बसायचं हे त्या खुणा ठरवतात. आजी ढिगावर जगली, पण नात कधी ढिगाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही, तर आजीच्या खुणा नातीवर दिसतील का? म्हणून दोन्ही मांडण्यांना माती एकच, दुरून मागवलेली आणि तपासलेली. पानं एकच, पाणी एकच. शंखाला चुना लागतो म्हणून औषधांच्या कारखान्यातून आणलेली शुद्ध खडूची भुकटी, तीही एकच. फरक फक्त आजीचा. गोगलगायीत आई नि बाप वेगळे नसतात, प्रत्येक जण दोन्ही असतो. त्यामुळे मूल कोणावर गेलं हा वाद तिथे नाही, एवढी एक सोय होती.

थोरली राहायची विद्यापीठाच्या गावी, एका खोलीत, आणि बसने येऊन-जाऊन करायची. ती नसेल तेव्हा डबे अप्पांच्या ताब्यात. अप्पा भट्टीवरून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आई गेली. रिकामं बसलेलं माणूस भिंतींशी बोलायला लागतं, त्यापेक्षा गोगलगायींशी बोललेलं बरं, म्हणून थोरलीने त्यांना कामाला लावलं होतं. आणि अप्पांनी ते काम असं अंगावर घेतलं होतं की कधी कधी थोरलीलाच आपण पाहुणी आहोत असं वाटायचं. "पायपुसण्यावर पाय पूस आधी," ते दारातूनच ओरडायचे, "पोरी जेवतायत."

वसाहत बाहेरून बघणाऱ्याला नीटनेटकी वाटायची. सारख्या घरांच्या ओळी, सरळ रस्ते, एकच फाटक. आत राहणाऱ्यांना माहीत असायचं की खिडक्यांच्या फटी कागद कोंबून बुजवलेल्या आहेत, कपडे घरातच वाळतात, आणि सकाळी पुसलेल्या चौकटीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. फाटकाजवळ कारखान्याने पाटी लावली होती: मुलांना मातीत खेळू देऊ नये, अंगणात भाजी लावू नये, घरात शिरण्यापूर्वी पादत्राणे बाहेर काढावीत. लोक पाटी पाळायचे. कारखान्याने सांगितलं ते पाळायची इथे तीन पिढ्यांची सवय होती.

घर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबर जायचं. अप्पा निवृत्त झाले तेव्हा घरही जाणार होतं. पण धाकट्या मुलीच्या नवऱ्याने भट्टीवर नोकरी धरली आणि घर राहिलं. लोक त्याला घरजावई म्हणून चिडवायचे. तो म्हणायचा, "मी जावई कारखान्याचा, सासरे नुसते साक्षीला." विनोद बरा होता, पण त्यातलं दुखणं कोणाच्या लक्षात आलं नाही असं नव्हतं. त्याने नोकरी सोडली तर अप्पांचं छप्पर जाणार. अप्पा आईच्या घरातून हलायला तयार नव्हते. आणि धाकटी दोघांच्या मधे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि समोर काळा ढीग.

धाकटीला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात ती एका दुपारी वर्गावर आली. एकच बाक उरलं होतं त्यावर बसली, आणि बराच वेळ पानावरून सरकणाऱ्या एका गोगलगायीकडे बघत राहिली.

"ताई, मला एकच सांग. मी इथून गेले तर बाळाचं भलं होईल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की मी इथेच जन्मले, इथेच वाढले. जे माझ्या अंगात गेलंय ते बाळात उतरणारच असेल, तर पळून काय फायदा? आणि उतरणार नसेल तर मी आत्ता निघते. तुझ्याकडे येऊन राहते. अप्पा रडले तरी चालतील, हा रुसला तरी चालेल. पण उगाच नाही जायचं मला. घर मोडून जायचं तर कशासाठी ते तरी कळू दे."

गोगलगायींवरून माणसांबद्दल बोलू नये, हे थोरली पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. 'मला माहीत नाही' हे वाक्य संशोधकाने आरशासमोर म्हणून बघावं, असंही सांगायची. पण त्याच आठवड्यात तिसऱ्या पिढीचे निकाल आले होते. खिडकीकडच्या नाती, ज्यांनी आयुष्यात ढीग पाहिला नव्हता, त्यांचे शंख पातळ होते, अंडी उशिरा होती आणि खुणा आजीच्याच होत्या. एवढा स्पष्ट निकाल माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. थोरली त्या आनंदात होती, आणि आनंदात माणूस जास्त बोलतो.

"उतरतंय, चिमे," ती म्हणाली. "तिसऱ्या पिढीपर्यंत उतरतंय. माती बदलून काही फरक पडलेला नाही."

धाकटीने मान डोलावली. "खाण तशी माती," ती म्हणाली, आणि चक्क हसली. "चला, सुटले. आता विचार तरी करायला नको."

पुढच्याच आठवड्यात तिने शेजारणीकडून पाळणा आणला आणि मधल्या खोलीला नवे पडदे शिवले. ती खरंच हलकी झाली होती. इलाज नाही म्हटलं की काहींना झोप लागते, तशी तिला लागायला लागली. झोप उडाली ती थोरलीची. शिकायला म्हणून ती या फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण सुटलो. केस धुतले, कपडे बदलले, नवं गाव, नवी भाषा बोलणारी माणसं. आणि आता स्वतःच्याच डब्यांनी तिला सांगितलं होतं की बाहेर कोणी पडलेलंच नाही. डब्यातली गोगलगाय स्वच्छ मातीवर, स्वच्छ पानावर फिरायची, आणि तिच्या आत ढीग तसाच बसलेला असायचा. थोरली झाकण उघडून बघायची, पुन्हा लावायची. लग्न न करण्याची तिची कारणं वेगळी होती, पण आता त्यांत हे एक नवं जाऊन बसलं, आणि ते बाकीच्यांपेक्षा जड होतं. वर्गाची खिडकी उघडता येत नव्हती. तिला तिथे श्वास पुरेनासा झाला.

विद्यापीठात मात्र कौतुक चाललं होतं. विभागप्रमुख बाईंनी मोठ्या परिषदेत हा निकाल मांडायचं ठरवलं होतं. थोरली मान डोलवायची आणि बसमध्ये बसून वसाहतीकडे यायची.

अशीच ती एका सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला आली. धाकटीला सातवा सरत आला होता. जावई पाळीवर गेला होता. अप्पा स्वयंपाकघरात उकडलेली अंडी सोलत उभे होते.

"आधी हे खा, मग बाकीचं," त्यांनी धाकटीच्या ताटात अंडं ठेवलं. "दोन जीवांची आहेस. बाजारातलं अंडं म्हणजे नुसतं पाणी. हे घरचं आहे. बलक बघ, कसा केशरी."

"अप्पा, रोज रोज किती खाऊ? आता मीच आरवायला लागेन."

"आरवतो तो कोंबडा. तू खा."

मागच्या अंगणात अप्पांच्या कोंबड्या होत्या. ढिगाच्या बाजूच्या कुंपणापाशी दिवसभर माती उकरायच्या. थोरली हसत हसत पाणी घ्यायला उठली आणि खिडकीपाशी थांबली. खिडकीत एका ताटलीत अंड्यांची टरफलं वाळत घातली होती, धुऊन, आतली पातळ कातडी काढून, ओळीने मांडून.

"अप्पा, ही टरफलं कशाला?"

"तुझ्या पोरींना."

"कुठल्या पोरींना?"

"गोगलगायींना गं. टरफलं भाजतो, कुटतो, वस्त्रगाळ करतो नि पानावर भुरभुरतो. चाटूनपुसून खातात. तुझी ती पांढरी भुकटी त्यांना पुरत नाही."

थोरलीच्या हातातला पेला तसाच राहिला. "दोन्हीकडच्यांना देता?"

"बाहेरच्यांना कशाला? त्या खात्यापित्या घरच्या. शंख बघ त्यांचे, दगडासारखे. आपल्याकडच्या बिचाऱ्या जन्माच्या रोड, बोट लावलं तर शंख मोडेल. पहिल्या हिवाळ्यापासून देतोय. नाहीतर तुला काय वाटलं, कशा तग धरून राहिल्यात?"

"मला सांगितलं का नाहीत?"

"यात सांगायचं काय?" अप्पांना खरंच नवल वाटलं. "आजोबा नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवतो तो अर्ज करून ठेवतो का?"

धाकटी तोंडात अंड्याचा घास घेऊन हसायला लागली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जग अनादिकाळापासून करत आलंय; पण गोगलगायींच्या बाबतीत ते कोणी करेल, हे कुठल्याही विद्यापीठाच्या डोक्यात आलं नसतं. अप्पांच्या आलं होतं. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच ढिगावरच्या कोणाला तरी बाहेरच्यांपेक्षा दोन घास जास्त मिळाले होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने दिले होते.

थोरलीच्या मनात पहिला विचार आला तो प्रयोगाचा, आणि याची लाज तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिली. दुसरा विचार आला तो धाकटीच्या ताटाकडे बघताना. ताटात अर्धं अंडं उरलं होतं.

"ते मला दे गं," ती म्हणाली. "फार भूक लागलीय."

तिने ते खाल्लं नाही. कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं, बरोबर मूठभर टरफलं घेतली, आणि जाताना मागच्या दाराने जाऊन कोंबड्या उकरत होत्या तिथली माती घेतली. कोंबड्या तिच्या पायांत घुटमळल्या. त्यांना वाटलं, ही दाणे टाकायला आली आहे.

विद्यापीठातल्या यंत्राने वेळ लावला नाही. अंगणातली माती ढिगाचीच बहीण निघाली. टरफलात शिसं होतं. बलकात होतं. ढिगाइतकं नाही, पण नाही म्हणता येईल इतकं कमीही नाही. थोरली यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून राहिली. तिने माती तपासली होती, पानं तपासली होती, पाणी, डब्यांचं प्लास्टिक, झाकणांचा रंगसुद्धा तपासला होता. आणि सुट्टीच्या दिवशी बापाच्या घरी बसून तीच अंडी मिटक्या मारत खाल्ली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पाटीवर भाजी लिहिली होती, कोंबडी लिहिली नव्हती. आणि पाटीवर नसलेलं इथे कोणाच्या मनात येत नसे, तिच्याही आलं नव्हतं.

आता त्या तीन पिढ्यांचा अर्थ काय? खुणा आजीकडून आल्या होत्या, की दर पिढीने टरफलं चाटून स्वतःच्या अंगावर नव्याने उमटवल्या होत्या? आजी की आजोबा? कोणालाच सांगता येणार नव्हतं. खिडकीकडची मांडणी कधी स्वच्छ नव्हतीच. "माती बदलून काही फरक पडलेला नाही" हे तिने बहिणीला सांगितलं होतं, आणि माती बदललेलीच नव्हती. ढीग रोज भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून डब्यात येत होता, आणि धाकटी तिच्या शब्दावर विसंबून पडदे शिवत होती.

तिने विभागप्रमुख बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"टरफलांत शिसं आहे हे कोणाकोणाला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"मला. आणि आता तुम्हाला."

हे म्हणताना थोरलीला मोह झाला नाही असं म्हणणं म्हणजे तिला देव्हाऱ्यात बसवणं होईल. लेख लिहून तयार होता. अप्पांचा टरफलांचा डबा फेकून दिला असता तर कोंबड्यांशिवाय साक्षीला कोणी नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तेवढंच करायचं होतं.

"मग परिषदेतून आपली नावं मी काढून घेते," बाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण रागाचा नव्हता. "पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

"हो."

"तुम्ही मागे बहिणीबद्दल बोलला होतात. तिला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात?"

थोरली निघाली ती सरळ बसमध्ये बसली. वसाहतीच्या फाटकातून शिरताना भोंगा झाला, पाळी सुटली, आणि राखाडी चेहऱ्यांच्या गर्दीतून तिला उलट दिशेने वाट काढावी लागली. अप्पा शाळेवर गेले होते. धाकटी मधल्या खोलीत नव्या पडद्यांच्या आड पाय वर घेऊन पडली होती. थोरलीने दार लावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. टरफलं, अंडी, माती, यंत्र. शेवटी आपण चौथ्या महिन्यात काय बोललो होतो ते.

"म्हणजे उतरत नाही?" धाकटी उठून बसली.

"तसंही नाही. उतरत असेल, नसेल. मला माहीत नाही."

"तेव्हा तर छातीठोकपणे सांगितलंस."

"चुकले मी."

धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "ताई, मला बंद दारच बरं होतं गं. निदान पाठ टेकून बसता येत होतं. आता तू ते उघडलंस, नि म्हणतेस पळ. आणि उशीर झालाय की नाही, तेही तुला माहीत नाही."

"नाही माहीत." थोरलीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. "एवढंच माहीत आहे की आजपासून जे तुझ्या पोटात जाणार नाही ते त्याच्या अंगात जाणार नाही. एवढं एकच मला खात्रीने सांगता येतं."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, भीती होती, आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी हललं होतं, चौथ्या महिन्यात हसताना विझून गेलं होतं ते.

"माळ्यावरची पिशवी काढ," ती म्हणाली.

आणि मग ती कपडे भरायला लागली, घडी न करता, कोंबून. "याला मी सांगते. सुट्टीला येत जाईल. नोकरी सोडायची नाही म्हणून बजावते, नाहीतर अप्पा रस्त्यावर यायचे. तुझ्या त्या खोलीत पंखा तरी आहे का? आणि तिथेही गोगलगायी असतील तर मी आत्ताच सांगते, एकाच छपराखाली दोन पोटुशा नकोत." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. थोरली पुढे झाली, पण धाकटीने हात झटकला. "आत्ता नको. नंतर."

तेवढ्यात अप्पा आले. दारात पिशवी बघून थबकले.

"कुठे निघालात?"

"ताईला विचारा," धाकटी म्हणाली. "मी नाही सांगणार. मला तोंडातून नाही काढवणार ते." तिने चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

थोरलीने सुरुवात गोगलगायींपासून केली. वर्षानुवर्षं व्याख्यानं दिलेली बाई, पण बापासमोर तिला सरळ मुद्द्यावर येता येईना. शंखाला चुना लागतो, चुना कुठून आला ते बघावं लागतं, कोंबड्या काय उकरतात... अप्पांनी सगळं आयुष्य भट्टीवर काढलं होतं. वितळलेल्यात काय मिसळलंय ते ते नुसत्या रंगावरून ओळखायचे. ते तिच्या आधी तिथे पोचले.

"म्हणजे टरफलात होतं."

"हो."

"टरफलात होतं म्हणजे अंड्यात होतं."

"हो, अप्पा."

ते पलंगाच्या कडेवर बसले. "नको म्हणायची ती," ते म्हणाले. "रोज म्हणायची, आज नको. मी बळेच द्यायचो."

"तुम्हाला कसं कळणार? पाटीवर नव्हतं. मला कळलं नाही, मी तर हेच शिकलेय."

अप्पांनी हाताने ते बाजूला सारलं, जसं काही ते दुसऱ्या कोणाबद्दल चाललं होतं. बाहेर धाकटीने हाक मारली, बस येईल म्हणून. अप्पा हलले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी मागे मागे जाऊन शोधत असल्यासारखे.

"कोंबड्या तुझ्या आईने आणल्या," ते म्हणाले. "लग्न होऊन आली त्याच वर्षी. म्हणजे तुझ्याही आधी." मग त्यांनी वर बघितलं. "तुम्ही दोघी लहान होतात. सकाळी शाळेत जाताना तुम्हाला..."

वाक्य पुरं झालं नाही. थोरलीला ते पुरं व्हायला नको होतं. आज दिवसभर ती खरं बोलली होती. प्रयोग बुडवून, परिषद बुडवून, बहिणीची झोप बुडवून खरं बोलली होती. आता तिच्याजवळ आणखी खरं उरलं नव्हतं.

"तेव्हा वेगळं होतं, अप्पा," ती म्हणाली. "तेव्हा ढीग लांब होता. अंगणातली माती चांगली होती तेव्हा."

तिच्या जन्माआधी त्या ढिगावर धातूच्या मळीच्या ढकलगाड्या रिकाम्या करणाऱ्यांत अप्पा स्वतः होते. ती जन्मली त्या दिवशी ते तिथूनच धावत आले होते, राखेने माखलेले; ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. ढीग तेव्हाही कुंपणाला टेकलेला होता.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, धाकटीची पिशवी खांद्याला लावली.

"खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही," ते म्हणाले. "आईवर गेलीस." आणि तिच्यासाठी दार उघडं धरून उभे राहिले.